संध्याकाळी काढायची ओळ

आमची आत्या कोणाला तोंडावर मूर्ख म्हणत नाही. चष्मा कपाळावर ढकलते, समोरच्याला नखशिखांत न्याहाळते आणि हळू आवाजात विचारते, "बरं, मग?" या दोन शब्दांनी तिने आजवर दोन डॉक्टर, एक ऑडिटर, एसी दुरुस्त करायला आलेले चारजण आणि माझे वडील, म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ, यांना गार केलेलं आहे. वडील तर ती घरात असताना रिमोटचे सेलसुद्धा बदलत नाहीत.

वय सत्तावन्न. लग्न केलं नाही. का, असं विचारणाऱ्यालाही तेच दोन शब्द मिळतात. राहते आमच्याच डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, आणि जेवते आमच्यात. नोकरी एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. खाली लोकांच्या दंडात सुया खुपसतात आणि वर तिसऱ्या मजल्यावर, जिथे पूर्वी फिनेलचे डबे आणि मोडक्या खुर्च्या ठेवत, त्या खोलीत आत्या लॅबचे सगळे कॉम्प्युटर सांभाळते. खोलीला खिडकी नाही. आत्याला तिची गरजही नाही, बाहेर बघण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नाही.

त्या खोलीत कपाटाएवढं एक लोखंडी धूड आहे आणि त्याच्या पोटात अकरा कॉम्प्युटर राहतात. राहतात म्हणजे हाताला लागत नाहीत. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. एकाच बिऱ्हाडात अकरा संसार थाटावेत आणि प्रत्येकाला आपलं घर स्वतंत्र वाटावं, तसं. त्यांचं आपसांतलं खाजगी नेटवर्क आहे, बाहेरच्या जगाला त्याचा थांगपत्ता नाही. त्यातली तीन मशीन महत्त्वाची, आणि त्यांची नावं आत्यानेच ठेवलेली: नोंद, तपास, अहवाल. काउंटरवर पेशंटचं नाव घातलं की ते नोंदकडे जातं, रक्ताचे आकडे तपासकडे येतात, आणि नोंदने सांगितलं की अहवाल तो कागद छापून खाली पाठवतं.

प्रत्येक मशीनला आकड्यांचा पत्ता असतो, पण एकमेकांना ती हाका मारतात नावाने. म्हणून चाळीतल्या बिऱ्हाडांचा हिशेब कोणीतरी ठेवावा तसं एक मशीन नुसतं रजिस्टर सांभाळतं: कोण कुठे राहतं. नोंदने विचारायचं, अहवाल कुठे आहे. रजिस्टरने आकडा सांगायचा. नोंदने तिकडे जायचं. झालं. एवढंच समजवायला आत्या पाऊण तास घेते आणि शेवटी म्हणते, जाऊ दे, तुम्हाला नाही कळायचं.

या खोलीत आत्याखेरीज ज्यांना शिरावं लागायचं ते एकच गृहस्थ: तारवाले. स्विच, केबल, भिंतीतली भोकं आणि त्यांतून लोंबणारी जाळी हे त्यांचं खातं. पंचेचाळिशीचे, किडकिडीत, दोन मुलींचे बाप, आणि खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीचीही माफी मागणारे. नोकरी कायमची नाही. वर्षाचं कंत्राट, वर्षाच्या शेवटी मॅनेजरची सही झाली तर पुढचं वर्ष. आत्या त्यांना "अहो तारवाले" म्हणे ते अशा सुरात, जसं काही तार हा एखादा जिवाणू आहे आणि हे त्याचे वाहक.

मॅनेजरबद्दल फार लिहायला नको. लॅबमध्ये त्यांना बघूसाहेब म्हणतात. काहीही सांगा, आग लागली म्हणून सांगा, ते म्हणतात, "बघू."

तर एका सोमवारी तारवाल्यांनी जुना स्विच काढून नवा बसवला. त्यासाठी काही मशीनचे पत्ते बदलावे लागणार होते, हे आत्याला महिनाभर आधी माहीत होतं. अहवालला नवा आकडा मिळाला. आत्याने स्वतःच्या हाताने रजिस्टरमध्ये जुना आकडा खोडून नवा लिहिला, दोनदा तपासला, आणि चहा मागवला. चहा यायच्या आत खालून फोन आला की एकही रिपोर्ट निघत नाही.

नोंदला अहवाल सापडत नव्हतं. बाकीच्या नऊ मशीनना सापडत होतं. तपास आणि अहवाल यांच्या मजेत गप्पा चालल्या होत्या. फक्त नोंद तेवढं दर मिनिटाला एकच रडगाणं लिहून ठेवत होतं: अहवालपर्यंत पोहोचता आलं नाही, अहवालपर्यंत पोहोचता आलं नाही.

आता आत्याची पद्धत सांगायला हवी, कारण सगळी गंमत तिथेच आहे. नावाचा घोटाळा झाला की तो तपासायचे दोन रस्ते असतात. एक, रजिस्टरला सरळ विचारायचं: बाबा रे, अहवालचा पत्ता काय? त्याला ती विचारणा म्हणते. दुसरा, पिंग: नाव घेऊन हाक मारायची आणि ओ येते का बघायचं. आत्या विचारणेची भक्त. पिंग म्हणजे तिच्या मते दार ठोकून पळून जाणं, शाळकरी पोरांचे धंदे. ज्याला कशातलं काही येत नाही तो पिंग करतो. तिच्या खोलीत कोणी पिंग म्हटलं की चष्मा कपाळावर जायचा.

तिने नोंदवर बसून विचारणा केली. रजिस्टरने नवा आकडा सांगितला. अचूक. पुन्हा केली, पुन्हा अचूक. म्हणजे नाव बरोबर, पत्ता बरोबर, तरी माणूस पोहोचत नाही. म्हणजे रस्ता खराब. रस्ता कोणाचा? तारवाल्यांचा. नवा स्विच कोणी लावला? तारवाल्यांनी. कधी? आज. निकाल लागला. आत्याच्या डोक्यात तो साडेअकरालाच लागला, आणि तिच्या डोक्यातल्या निकालावर अपील नसतं.

तारवाल्यांनी स्विच उघडला, लावला, केबल बदलल्या. स्वतःच्या लॅपटॉपवरून अहवालला हाक मारली, झटक्यात ओ आली. त्यांनी ते भीतभीत आत्याला दाखवलं. आत्या म्हणाली की तुमच्या लॅपटॉपला तुमची ओळख पटली यात नवल नाही, दोघांची अक्कल सारखीच आहे. मग त्यांनी एक विनंती केली, आणि ती त्यांनी मंगळवारी केली, बुधवारी केली, गुरुवारीही केली: नोंदवर बसून एकदा, फक्त एकदा, नाव घेऊन पिंग करू द्या.

"नोंदचा पासवर्ड माझ्याकडे आहे," आत्या म्हणाली.

"हो मॅडम, म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

"बरं, मग?"

गेले बिचारे जिना उतरून. त्या आठवड्यात जिन्याचा जेवढा वापर झाला तेवढा लॅब सुरू झाल्यापासून झाला नसेल, कारण सगळे रिपोर्ट पेनड्राइव्हमध्ये भरून माणसं तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर पळवत होती. एका पेशंटच्या हातात दुसऱ्याचं कोलेस्टेरॉल पडलं. तो म्हणे खूश होऊन घरी गेला, त्याला परत बोलवावं लागलं.

बुधवारी जेवताना आत्याने आम्हाला एक पत्र वाचून दाखवलं. तिने बघूसाहेबांना लिहिलेलं, वर पाचजणांना प्रती. वाचताना ती ताटावरून उठून उभी राहिली. तिसऱ्या परिच्छेदात वाक्य होतं: सदर इसमास नेटवर्कचे प्राथमिक ज्ञानही नसून त्यांचे कंत्राट पुढे चालू ठेवणे संस्थेच्या हिताचे नाही. बघूसाहेब शुक्रवारी पाच वाजता सगळ्या कंत्राटांवर सह्या करणार होते. पत्र वेळेवर पोहोचावं याची आत्याने काळजी घेतली होती. विचारणा चुकेल, पण आत्याचं टपाल चुकायचं नाही.

आई शाळेत शिकवते, त्यामुळे चुकीचा पेपर तिला लांबूनही दिसतो. एरवी ती आत्याला ताई म्हणते. चिडली की वन्सं म्हणते.

"वन्सं, त्यांनी नक्की काय केलंय?"

"तोच तर प्रश्न आहे. काहीच करत नाहीत."

"मग जे केलंच नाही त्याची शिक्षा कशी देता?"

आत्याने सांगितलं की तांत्रिक गोष्टीत भावना आणू नयेत. आई म्हणाली की मी भावना आणत नाहीये, पुरावा मागतेय. आणि तो माणूस दोन दिवस जे एक करून बघा म्हणतोय ते करून बघायला तुमचं काय जातंय? वडील पाणी प्यायले. ते त्या रात्री चार ग्लास पाणी प्यायले. आत्या म्हणाली, "नाचता येईना त्याचं अंगण मी का मोजत बसू?" आणि हात धुवायला गेली. पत्र सकाळी पोहोचलं.

यापुढचं मला तारवाल्यांकडून कळलं आणि आत्याकडूनही. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच की आत्या तिच्या भागात घाई करते.

शुक्रवारी एक वाजता सगळे जेवायला खाली गेले. आत्या खोलीत एकटी. तिने दार लावलं. मग उघडून बाहेर कोणी आहे का ते बघितलं, आणि पुन्हा लावलं. कडीही घातली. सत्तावन्न वर्षांची बाई, एकवीस वर्षांची नोकरी, आणि स्वतःच्याच खोलीत कोणी बघत नाही ना अशी मान वळवून तिने चोरून पिंग केला. आईचं बोलणं लागलं होतं म्हणून नव्हे, असं ती सांगते. बघूसाहेबांनी विचारलंच तर तेही करून झालंय असं म्हणता यावं म्हणून.

ओ आली नाही. ती यायची नव्हतीच. पण हाक कोणत्या पत्त्यावर मारली जातेय तो आकडा पिंग पडद्यावर दाखवतो. आकडा जुना होता.

आत्याने चष्मा डोळ्यांवर ओढला. रजिस्टरला विचारलं, त्याने नवा सांगितला. पुन्हा पिंग, पुन्हा जुना. एकच मशीन, एकच नाव, एकाच मिनिटात दोन पत्ते. आता यात अवघड काही नाही, हे तिला आकडा दुसऱ्यांदा वाचून व्हायच्या आत कळलं, कारण हेच तिने नवशिक्यांना वीसदा ऐकवलेलं आहे. प्रत्येक मशीनच्या खिशात स्वतःची एक चिठ्ठी असते, नावं आणि पत्ते लिहिलेली एक छोटीशी फाइल. प्रोग्रामला कोणाकडे जायचं असलं की मशीन आधी खिशातली चिठ्ठी बघतं, तिथे नाव नसेल तरच रजिस्टरकडे जातं. पिंगही तसंच करतो. विचारणा मात्र खिसा चाचपत नाही, थेट रजिस्टरच गाठते. म्हणून चिठ्ठीत कोणी काही खरडलं असेल तर विचारणेला ते जन्मात दिसत नाही. चिठ्ठीत खरडणं हे आत्याच्या राज्यात पाप. आळशी माणसाचं काम, असं तिने भिंतीवर लिहून लावलेलं आहे.

तिने नोंदची चिठ्ठी उघडली. एकच ओळ जास्तीची होती. अहवालचं नाव, जुना आकडा, आणि पुढे टीप: तात्पुरतं, संध्याकाळी काढणे. तारीख सहा वर्षांपूर्वीची. त्यापुढे आत्याची आद्याक्षरं.

सहा वर्षांपूर्वी एका दुपारी रजिस्टरचं मशीन दोन तास बंद ठेवावं लागलं होतं. तेवढ्यापुरती नोंदची अडचण होऊ नये म्हणून तिने ती ओळ घातली. मग संध्याकाळ झाली, आत्या घरी आली, जेवली, झोपली, आणि त्यानंतर साधारण दोन हजार संध्याकाळी झाल्या. चिठ्ठी आणि रजिस्टर एकच आकडा सांगत होते तोवर कोणाच्या बापाला पत्ता लागला नाही.

आत्याने ओळ पुसली. एक वाजून दहा मिनिटांनी नोंदला अहवाल सापडलं आणि चार दिवस अडलेले रिपोर्ट असे सुटले की खालच्या प्रिंटरने दोनदा कागद मागितला. जिन्यावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. फोन आला, काय झालं होतं हो मॅडम? आत्या म्हणाली, झालं सुरू.

झालं सुरू. याला म्हणतात उत्तर. कर्ता नाही, कर्म नाही, आद्याक्षरं तर नाहीतच. हीच बाई दुसऱ्याने असं उत्तर दिलं असतं तर त्याला सोलून काढती. एक दहापासून दोन चाळीसपर्यंत ती खुर्चीत बसून राहिली आणि त्या वेळात तिने काय केलं असं मी विचारलं तर म्हणते, "कामं होती." कुठली कामं ते सांगत नाही. पाच वाजता सह्या व्हायच्या होत्या हे तिला ठाऊक होतं. खाली बघूसाहेबांच्या टेबलावर तिचं पत्र होतं, आणि सही झाली नाही तर दोन मुलींचा बाप सोमवारपासून घरी बसणार होता. तरी बसून राहिली. या दीड तासाबद्दल आईने तिला अजून माफ केलेलं नाही. मीही नाही.

दोन चाळीसला दार वाजलं. तारवाले. हातात जुन्या केबलचं वेटोळं, चेहऱ्यावर सुटकेचा घाम. आत्याला वाटलं, याला कळलं. ती सावरून बसली.

"मॅडम, सॉरी म्हणायला आलो."

"कशाबद्दल?"

"माझंच चुकलं असणार. सकाळी खालची एक तार बदलली मी, शंका होती म्हणून. तीच खराब असणार चार दिवस. तुम्ही म्हणत होतात तेच खरं निघालं. साहेबांनाही सांगून टाकतो तसं."

आता इथे दुसरी कोणी असती तर तिने देवाचे आभार मानले असते. आयता बळीचा बकरा स्वतःच्या पायांनी चालत आलाय, गळ्यात दोरीही स्वतःच बांधून. आणि आत्यालाही दया आली असं मी लिहिलं तर ते साफ खोटं होईल. तिला आला राग. सकाळी बदललेल्या तारेने दुपारी एक दहाला रिपोर्ट कसे सुटतील? मधले तीन तास तार काय विचार करत होती? इतका गलथान कार्यकारणभाव तिच्या खोलीत, तिच्या देखत, कोणी मांडावा आणि तो खरा म्हणून रिपोर्टात जावा, हे तिला सहन होईना. चष्मा कपाळावर गेला.

"काय बोलताय हे? तार बदलली सकाळी दहाला. सुरू झालं एक दहाला. डोकं कुठे ठेवलंय?"

"मग मॅडम, काय होतं?"

"चिठ्ठीत ओळ होती. जुना पत्ता. सहा वर्षांपूर्वी कोणा बेअक्कल माणसाने घातली आणि काढायला विसरला."

"कोणी?"

आत्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"मी," ती म्हणाली. "आणि तुमचा पिंग बरोबर होता. बसा जरा, पडाल."

तारवाले बसले नाहीत. आणि हसले नाहीत, रागावलेही नाहीत. जन्मात पहिल्यांदा त्यांनी खुर्चीची माफी न मागता तिला बाजूला सारलं आणि सांगितलं, "मॅडम, हे लिहून द्या. पाचही जणांना."

आत्याने लिहिलं. ते उभे राहिले आणि वाचत राहिले. तिने पहिल्यांदा लिहिलं की तांत्रिक कारणास्तव झालेला गैरसमज दूर झाला आहे. ते म्हणाले, कारण लिहा. मग तिने कारण लिहिलं, पण त्यात सदर ओळ घातली गेली होती असं आलं. ते म्हणाले, कोणी घातली तेही. चौथ्या खेपेला कागद सरळ झाला.

बघूसाहेबांनी चार वाजता तो वाचला आणि म्हणाले, "बघू." आत्या टेबलासमोरून हलली नाही. तिने सांगितलं की बघायचं असेल तर आत्ता बघा, मी उभी आहे. कंत्राटांचा गठ्ठा काढायला लावला, त्यातून तारवाल्यांचं शोधायला लावलं, सही करायला लावली आणि शाई वाळेपर्यंत थांबली. साहेबांनी एवढ्या झटपट काहीतरी बघितल्याची लॅबमध्ये दुसरी नोंद नाही. फक्त सही झाल्यावर ते एक वाक्य बोलले, आणि ते नेमकं बसलं: यापुढे सगळ्या मशीनचे पासवर्ड दोघांकडे राहतील.

त्या संध्याकाळी आत्या जेवायला आली तेव्हा आईने काय झालं म्हणून विचारलं. आत्याने सगळं सांगितलं, पण स्वतःबद्दल बोलतेय असं नव्हे, एखाद्या फार खालच्या दर्जाच्या कर्मचाऱ्याबद्दल बोलावं तसं. तिने ओळ काढली नाही. तिने तपासलं नाही. तिला साधं एवढं सुचलं नाही. वडिलांना वाटलं खरंच दुसरीच कोणी बाई आहे, आणि ते धीर करून म्हणाले, अशांना कामावर ठेवतातच का? आत्याने त्यांच्याकडे बघितलं. वडील पाणी आणायला उठले.

सोमवारी सकाळी तारवाले नवा पासवर्ड घेऊन वर आले. त्यांनी स्वतःची खुर्ची आणली होती. म्हणाले, अकराही मशीनच्या चिठ्ठ्या एकदा बघून टाकू. आत्या म्हणाली, गरज नाही, बाकी ठिकाणी काही नसणार. त्यांनी तपासची चिठ्ठी उघडली. दोन ओळी निघाल्या, तिच्याच आद्याक्षरांच्या. पुढच्या मशीनमध्ये एक. त्यापुढच्यात तीन, त्यांतल्या एकीवर नुसतं लिहिलेलं होतं, उद्या बघणे. प्रत्येक ओळीवर तारवाले बोट ठेवून विचारायचे, मॅडम, ही कशासाठी होती? आणि आत्याला एकीचंही कारण आठवेना.

सातव्या मशीनपाशी तारवाल्यांना हसू आवरेना.

"हसताय काय," आत्या म्हणाली. "पुढचं उघडा."